कॉम्प्युटरची खांदशेकणी

बापूजी भोयरांना दमलेलं काही पाहवत नाही. माणूस दमला तर एक वेळ चालेल, माणसाला तोंड आहे, तो बोंबलेल. पण ज्याला बोलता येत नाही ते राबताना दिसलं की हा माणूस उठून त्याला थांबवायला जातो. दावणीला बैल होते तोवर बाभुळगावच्या अलीकडच्या त्यांच्या गावात ह्या स्वभावाला मान होता. ऐन वखरणीत ऊन डोक्यावर आलं की बापूजी आऊत सोडणार म्हणजे सोडणार. आभाळ दाटून येवो की बांधाधुऱ्यावरचा शेजारी नावं ठेवो, बैल कडूनिंबाखाली आणि बापूजी त्यांच्या बाजूला. बैल हाकायच्या तुतारीच्या टोकाला खिळा असतो, तो ह्यांच्या तुतारीला कधी नव्हताच. लोक म्हणायचे, बापूजीच्या घरी बैल होऊन जन्माला यावं, बायको होऊन येऊ नये. हे बोलणं मूळचं इंदुताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. लोकांनी ते फक्त गावभर केलं.

पुढं बैल गेले आणि स्वभाव तेवढा मागं राहिला. पंचाईत तिथून सुरू झाली. भाड्याचा ट्रॅक्टर वावरात आला की दुपारी बापूजी त्याला आडवे. "उकंडा, सोड त्याले सावलीत," म्हणायचे. उकंडा ट्रॅक्टरवाल्यानं आधी वाद घातला, मग त्याच्या ध्यानात आलं की ह्यात आपली बसल्या जागी झोप होते. तेव्हापासून तो बापूजींचं वावर सगळ्यांच्या आधी धरतो. घरात इंदुताईंनी चटणीला मिक्सर लावला की ओसरीवरून हाक यायची, "अवं, दम खाऊ दे त्याले." छताचा पंखा तर जेवणं झाली की बंद. भर मे महिन्यात, यवतमाळच्या उन्हात, पंख्याला विसावा मिळावा म्हणून घरची माणसं घामानं निथळत बसायची. "पुढच्या जन्मी मले पंखा कर वो देवा," असं इंदुताई पदरानं वारा घेत म्हणायच्या. बापूजींना ते ऐकू यायचं नाही. ऐकू न येण्याची कला संसारात सगळ्यांनाच येते, ह्यांना जरा जास्त येते.

बैल कसे गेले ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जोडी होती चांद्या आणि वजीरची. चांद्या म्हातारा होऊन गेला आणि वजीर एकटा उरला. एकटा बैल म्हणजे काय चीज असते ते ज्याच्या गोठ्यात झालं त्यालाच ठाऊक. वजीर खाईना, बसेना. दावं तोडायचा आणि सरळ बाजूच्या पंजाबरावांच्या गोठ्यात जाऊन त्यांच्या जोडीच्या मधे घुसायचा. पंजाबराव म्हणजे बापूजींचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. त्यांनी बापूजींच्या सात पिढ्या काढल्या, पण वजीर ऐकतो होय. अखेर त्यांच्या दोघांतला कारा बैल वजीरशी जमून गेला आणि कबरा बाहेर पडला. मग तो एकटा कबरा दुसऱ्यांचे गोठे धुंडायला लागला. शेवटी पंजाबरावांनी त्याला उमरखेडला साळ्याकडे पाठवून दिला. आता तो तिकडं कोणाची जोडी फोडतोय देव जाणे. वजीर मात्र पंजाबरावांचाच झाला. बापूजींनी तो दिला असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं पाहता तो आधीच गेला होता.

तेव्हापासून बापूजींनी पोळा सोडला. तोरणाखाली सारं गाव आपापली जोडी घेऊन उभं राहतं, तिथं नुसते हात घेऊन काय उभं राहायचं.

अमर हा त्यांचा एकुलता एक. यवतमाळच्या एका कॉलेजात तासिकेवर केमिस्ट्री शिकवतो आणि अमरावतीच्या एका सरांच्या हाताखाली पीएचडी करतो. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कुठलंसं ऑफिस गुंडाळलं, तिथून त्यानं एक जुना दणकट कॉम्प्युटर आणला आणि घरातल्या मधल्या खोलीत मांडला. इन्व्हर्टर बसवला. गावाला रसायन म्हटलं की फवाऱ्याची बाटली आठवते. लोक येऊन टेबलाखाली वाकून पाहायचे.

"रसायन म्हनतं अन् बाटली कोठी हाय?" बापूजींनी एकदा विचारलंच.

"बाटली नाही लागत, बापूजी. हिशेबानं करतो मी." अमरच काय, सारं गाव त्यांना बापूजीच म्हणतं.

मग त्यानं ओसरीवर बसून समजावलं. माणसाच्या अंगात डीएनए असतो, पिळलेल्या शिडीसारखा. शिडीच्या पायऱ्या ज्या तुकड्यांच्या असतात त्यांना बेस म्हणतात. चार जातीचे बेस, त्यातला एक ग्वानीन. आता अंगात पाणी तर भरपूर. त्यावर क्ष-किरणांसारखा जबर मारा झाला की पाण्याचे तुकडे पडतात. असल्या एका तुकड्यात एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो.

"एकटा म्हनजे?"

"इलेक्ट्रॉन जोडीनं राह्यतेत, बापूजी. ज्याची जोडी फुटली तो तुकडा म्हनजे रॅडिकल. त्याले चैन पडत नाही. तो जे जवळ सापडन त्याच्यात घुसते. ग्वानीनमध्ये तर पह्यले."

बापूजींनी पानाला चुना लावता लावता हात थांबवला. मग पंजाबरावांच्या गोठ्याकडे पाहिलं. "मंग ग्वानीन बिघडत असन," ते म्हणाले.

"बिघडते. त्याच्यानंच पुढं कॅन्सर होऊ शकते. म्हनून मी मोजून राह्यलो का तो रॅडिकल ग्वानीनले चिकटाले जाते तेव्हा रस्त्यात चढ केवढा लागते. दोन बाजूले डोंगर अन् मधात खिंड असते ना घाटात, तशी खिंड शोधाची. जेवढी खिंड उंच तेवढं घुसनं कठीन. बाटलीत हे दिसत नाही. एवढ्यात होऊन जाते ते. मशीन हळूहळू चालत, पाऊल पाऊल मोजत ती खिंड शोधते."

"चालते? कोन, हे?"

"हो. रात्रंदिवस."

झालं. बाकीचं सारं बापूजींच्या डोक्यावरून गेलं की डोक्यात शिरलं ते सांगता येणार नाही, पण 'रात्रंदिवस' तेवढं काळजात रुतून बसलं.

मशीन खरंच थांबत नव्हतं. मोठं गणित लावून दोन आठवडे होत आले होते. पंखा घरघरायचा, मागून गरम झळा यायच्या, भिंतीजवळ तर उभं राहवायचं नाही. इंदुताईंनी त्या झळांवर भिजलेली शेवग्याची शेंग बियाण्याला वाळवून घेतली, त्या व्यवहारी बाई. बापूजी मात्र येता जाता मशीनच्या अंगाला हात लावून पाहायचे आणि ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून घ्यावा तसा हात मागं घ्यायचे. "थोडं थांबव गा त्याले," असं त्यांनी अमरला सुचवून पाहिलं. अमर म्हणाला, मधात थांबलं तर सगळं पह्यल्यापासून. हात लावायचा नाही.

अमरचीही एक गंमत होती. इतक्या दिवसांत त्यानं स्वतः त्या गणितात डोकावून पाहिलं नव्हतं. मशीन जे करतं ते एका फाईलीत लिहीत जातं, ती मधेच उघडून पाहता येते. पण त्याला धास्ती. उघडावं आणि आत काहीतरी भलतंच निघावं. शिजत्या भातावरचं झाकण काढू नये, तसं त्यानं ठरवून टाकलं होतं. अंगणात पाय ठेवला की पंख्याची घरघर ऐकायची, चालू आहे म्हणजे होतंय. विज्ञान शिकवतो पोरांना, आणि स्वतः कानानं गणित तपासतो. पण बोलायचं कोणी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अमरावतीच्या सरांनी त्याला बोलावलं. पीएचडीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, ह्या महिनाअखेरीला प्रबंध दाखल झाला नाही तर नाव कटणार होतं. सहा वर्षं पाण्यात. पक्की नोकरी लागायची ती त्या डिग्रीवर, आणि डिग्री अडली होती त्या एका खिंडीवर. जाताना अमरनं बापूजींना मशीनजवळ उभं केलं.

"आजची रात अन् उद्याची दुपार, बापूजी. लाइट गेली तर इन्व्हर्टर धरते. कोनाले हात लावू देऊ नका. तुमच्या भरोशावर चाललो."

"जाय बिनघोर," बापूजी म्हणाले, आणि त्यांच्या मनात तेव्हा खरोखर काहीच नव्हतं.

त्यांनी खुर्ची ओढून मशीनजवळ ठाण मांडलं. जेवण तिथंच मागवलं. तिथून दुसरं कोणी गेलं तर दबक्या पावलांनी जायचं. आणि बसल्या बसल्या दिवस कलला, गावात घंटा वाजायला लागल्या. खांदशेकणीची वेळ झाली होती.

वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगायला हवं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना आंघोळ घालून त्यांचे खांदे तूपहळदीनं चोळतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात, त्यांची ती माफी. मग त्यांना हात जोडून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. आणि त्या घडीपासून जुपणी बंद. पोळ्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी करीला कोणी बैलाला जू लावत नाही. लावलं तर त्या घरच्या कामाला बरकत राहत नाही, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल.

पंजाबरावांच्या अंगणात वजीरचे खांदे चोळले जात होते. ते बापूजींना खिडकीतून दिसत होतं. आणि इकडं हे मशीन घरघरत होतं. त्यांनी हात लावून पाहिला. अंग जळत होतं.

"इंदे," ते हळूच म्हणाले, "घरात तूप हाय का?"

इंदुताई दारात आल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांनी बघितला, मशीन बघितलं, आणि ओळखून गेल्या. "अवो, असं काही करू नका. पोरगं ओरडन."

"अवं, पोरासाठीच म्हनून राह्यलो. उद्या पोळा हाय. पोळ्याले जुपलेल्या आऊताचं कधी भलं झालं काय? ह्याच्या खिंडीचं वाटोळं व्हावं असं वाटते तुले?"

इंदुताईंनी फळीवरची तुपाची वाटी आणून दिली. त्याही त्याच गावच्या.

बापूजींनी आधी हात जोडले. मग अमरला बघून ठाऊक झालेलं मोठं बटण दाबून धरलं. पंखा हळूहळू मंदावला आणि थांबला. घर इतकं शांत झालं की पंजाबरावांच्या घरच्या घंटा ओसरीत वाजल्यासारख्या वाटल्या. मग त्यांनी तूप आणि हळद एकत्र केली आणि मशीनच्या दोन्ही अंगाला, जिथं झळ जास्त यायची तिथं, बोटांनी सावकाश चोळली. "आज आवतन घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवायले या." बऱ्याच वर्षांनी हे शब्द त्यांच्या तोंडातून निघाले. खरं सांगायचं तर मशीन तेव्हा त्यांच्यासमोर नव्हतंच.

नेमके त्याच वेळी पंजाबराव हळद मागायला खिडकीशी आले होते. त्यांनी सगळं बघितलं. हळद न मागताच ते परत गेले, आणि ह्या माणसाचं गप्प परत जाणं कधीच चांगलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं अमर आला. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थबकला. घरघर नव्हती. धावत मधल्या खोलीत गेला. मशीनच्या अंगावर हळदीची बोटं उमटलेली, जाळीत तूप, वर झेंडूची माळ, आणि कीबोर्डावर ताटलीत पुरणपोळी.

बापूजी हसत पुढं आले. पोरगं खूश होईल अशीच त्यांची कल्पना होती. "झोपू देलं त्याले जरा. परवा पाह्य कसं पळते ते."

अमरनं ताटली कीबोर्डावरून उचलून बाजूला ठेवली. तो खाली बसला आणि त्यानं डोक्याला हात लावला. ओरडला असता तर बरं झालं असतं. बापूजींच्या तोंडचं हसू कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. मग अमर एकदाच म्हणाला, अगदी हळू, "बापूजी, महिनाअखेर हाय. पुन्हा लावलं तर पुरनार नाही." आणि रुमालानं तूप पुसून त्यानं मशीन चालू केलं, फाईलीत कुठवरचं शिल्लक आहे ते पाहायला.

तेव्हा बापूजींना समजलं की आपण पोराची सहा वर्षं बंद केली. इंदुताई स्वयंपाकघरातून जे बोलायचं ते बोलल्या, मागचा मिक्सर आणि पंखाही त्यात आला. बापूजींनी ऐकून घेतलं. ह्या वेळी त्यांना सगळं ऐकू आलं.

घरात बसवेना म्हणून ते तोरणावर गेले. इतक्या वर्षांनी बापूजी तोरणावर आले म्हणून लोकांनी जागा करून दिली. मारुतीच्या देवळापुढं आंब्याच्या पानांचं तोरण, खाली रंगवलेल्या शिंगांच्या जोड्या, झुली, घुंगरं. पोळा फुटायच्या आधी झडत्या म्हणायची चाल आहे. एकानं दुसऱ्याला टोमणा मारून दोन ओळी म्हणायच्या, दुसऱ्यानं त्याला उलटून. पंजाबराव पुढं आले. एका हातात वजीर आणि काऱ्याचा कासरा, दुसरा हात कानाला.

"कडबा नको, ढेप नको, लाइट खाऊन जगते,
बापूजीचा नवा बैल टेबलावर हगते."

तोरण हसून हसून वाकलं. महादेवाचा गजर झाला, ढोल वाजला. सगळ्यांनी बापूजींकडे पाहिलं, कारण एके काळी उलटी झडती टाकावी ती बापूजींनीच. पंजाबरावांच्या लग्नात त्यांनी टाकलेली झडती गाव अजून म्हणतं, फक्त बायकांपुढं म्हणत नाही. पण बापूजी गप्पच उभे.

पंजाबरावांचा चेहरा पडला. टोमणा मारावा आणि समोरच्यानं तो नुसता घ्यावा, ह्यात काय मजा. ते जवळ आले. "काय झालं गा? तब्येत बरी नाही काय?"

"पोराची खिंड बुजवली म्या," बापूजी म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले.

पंजाबरावांना खिंडीचं काही कळलं नाही, डोळ्यांचं कळलं. "चाल," ते म्हणाले. "पह्यले तुझ्या दारी जोडी आनतो."

पोळा फुटला की जोड्या घरोघरी जातात. बाया पायावर पाणी घालतात, ओवाळतात, पुरणपोळी चारतात. इंदुताई आरतीचं ताट घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. रागावल्या असल्या तरी बैलावर कसला राग. पंजाबराव जोडी घेऊन रस्त्यानं आले आणि फाटकाकडे वळणार तोच वजीरनं नाक वर केलं. त्याला जुना गोठा दिसला होता. फाटक एका बाजूला, गोठा दुसऱ्या बाजूला, मधे तुराट्यांचं कुंपण, बापूजींनी ह्याच उन्हाळ्यात नवं बांधलेलं. वजीर फाटकाकडे वळलाच नाही. तो सरळ चालत गेला. कुंपणापाशी अडखळला नाही, मान खाली घातली नाही, चालही बदलली नाही. तुराट्या कडकड मोडल्या आणि वजीर पलीकडं. कासऱ्याला बांधलेला कारा त्याच्या मागं, आणि कासरा सोडायचं न सुचलेले पंजाबराव काऱ्याच्या मागं, नव्या धोतरासकट. गोठ्यात आता जुना कूलर आणि सायकल ठेवली होती. वजीरनं शिंगानं कूलर बाजूला केला आणि तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

धडाडधूम ऐकून अमर बाहेर आला. दुपारपासून तो ती फाईल वाचत बसला होता आणि त्याचा चेहरा वाळून गेला होता. त्यानं गोठ्यातला वजीर पाहिला, मग कुंपणाला पडलेलं भगदाड पाहिलं. पंजाबराव धोतरातल्या तुराट्या काढत शिव्या देत होते तिकडं त्याचं लक्षच नव्हतं.

"बापूजी," तो म्हणाला, "वजीर कुंपनापाशी थांबला काय?"

"कोठचा थांबते."

"जराबी?"

"त्यानं पाह्यलंच नाही गा कुंपन. कायले विचारतं?"

अमर तसाच उभा राहिला. मग त्यानं वळून खोलीकडं धाव घेतली, उंबऱ्यात ठेच लागली तरी थांबला नाही. बापूजींना वाटलं पोरगं दुःखानं भ्रमिष्ट झालं. ते मागोमाग गेले. मशीनच्या पडद्यावर आकडेच आकडे होते आणि अमर त्यांच्यावरून बोट फिरवत होता.

"हे पाहा. रॅडिकल ग्वानीनजवळ आला का आकडा खाली जाते. खालीच जाते. मग मशीन त्याले ओढून वर नेते, खिंड शोधाले. तो पुन्हा खाली घसरते. पुन्हा वर, पुन्हा खाली. दोन आठवडे घाण्याचा बैल फिरला, बापूजी, अन् म्या उघडून पाह्यलं नाही. दुपारपासून मले वाटून राह्यलं का काहीतरी बिघडलं. बिघडलं नाही. तिथं खिंडच नसन. चढच नसन. वजीरले कोठी लागला चढ?"

बापूजींना यातलं एवढंच समजलं की पोरगं पुन्हा बोलायला लागलं. ते मशीनच्या बाजूला टेकले. "चुकलो गा मी," ते म्हणाले.

"चुकलेच तुम्ही. मले विचाराले पाह्यजे होतं." अमरनं नाक पुसलं. "पण हे चालूच राह्यलं असतं तर महिनाअखेरपर्यंत असंच गोल गोल फिरलं असतं. मी पंख्याचा आवाजच आयकत बसलो असतो."

सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकलं, आकडे पुन्हा वाचायला लावले, मग म्हणाले की चढ नाही हेही उत्तरच आहे, पण वाटतं म्हणून चालणार नाही, दाखवावं लागेल. रॅडिकलला दुरून थोडा थोडा जवळ आणायचा, प्रत्येक जागेवरचा आकडा काढायचा आणि बघायचं, मधे कुठं उंचवटा येतो का. ही गणितं छोटी. महिनाअखेरीच्या आत बसतील.

अमरनं उत्साहानं हात चोळले आणि कीबोर्डाकडं बोट नेलं. अडवायला आता बापूजींजवळ तोंडच नव्हतं. ते फक्त खिडकीतून बाहेर बघायला लागले, जिथं इंदुताई गोठ्यात जाऊन वजीरला पुरणपोळी चारत होत्या.

अमरनं बोट मागं घेतलं. "परवा लावतो," तो म्हणाला. "उद्या कर हाय."

करीनंतरच्या सकाळी अमरनं बापूजींना खुर्चीवर बसवलं आणि शिकवलं. तो सकाळच्या गाडीनं कॉलेजला जाणार, मग जुपायचं कोणी? ही फाईल उघडायची, हे बटण. पडद्यावर ग्वानीनचा सापळा दिसायचा आणि थोडा दूर एक लाल गोळी, तिला चिकटलेली छोटी पांढरी. तोच तो एकटा. एका जागेचं गणित दुपारपर्यंत उरकायचं. अमरनं तुकडे मुद्दामच तेवढे पाडले होते, रात्रीही चालवता आले असते ते त्यानं बापूजींना सांगितलं नाही. "झालं असं लिहून आलं का बंद करा," तो म्हणाला, "अन् ह्यालेबी जेवू द्या, तुम्हीबी जेवा."

मग बापूजींचा क्रम लागला. सकाळी हातपाय धुऊन यायचं, मशीनच्या अंगाला हात लावायचा, बटण दाबायचं. लाल गोळी रोज थोडी जवळ. रोज दुपारी आकडा कालच्याहून खाली. बापूजी पडद्यासमोर बसून मान हलवायचे आणि मधेच त्या गोळीला म्हणायचे, "चाल, बावा, चाल." इंदुताईंनी मिक्सर लावला तर ओसरीवरून हाक यायची बंद झाली, कारण हाक मारणारा कामावर होता. त्या खोलीच्या दारात येऊन नवऱ्याकडे बघायच्या आणि हसून परत जायच्या. मशीनवरचे हळदीचे डाग घासूनही गेले नाहीत.

शेवटच्या दिवशी अमर घरी होता. त्यानं सगळे आकडे जोडून कागदावर रेघ काढली आणि बापूजींच्या हातात दिली. रेघ डावीकडून निघाली होती आणि उजवीकडे खाली खाली उतरत गेली होती. बापूजींनी त्यावरून बोट फिरवलं, शेतातला उतार पाहावा तसं, कुठं उंचवटा लागतो का ते बघत.

"कोठीच चढ नाही?"

"कोठीच नाही. सोमवारी नेऊन देतो अमरावतीले."

बापूजींनी कागद परत दिला. मशीन बंद केलं, पंखा थांबेपर्यंत हात ठेवून उभे राहिले, आणि मग खांद्यावर दुपट्टा टाकून बाहेर पडले. दुपार होती. धुऱ्यावरच्या कडूनिंबाखाली पंजाबराव वजीर आणि काऱ्याला सोडून विसावले होते. बापूजींना त्यांनी लांबूनच येताना पाहिलं. बैल गेल्यापासून ह्या वेळी बापूजी ह्या झाडाखाली आले नव्हते.

"काय गा, इकडे कसा?"

"आऊत सोडलं," बापूजी म्हणाले. "वावर झालं पोराचं."

पंजाबरावांच्या जिभेवर दोन ओळी आल्या असतीलच. त्यांनी त्या म्हटल्या नाहीत. ते थोडे सरकले, सावलीतली जागा हातानं झाडली आणि म्हणाले, "बस मंग. दमला असशीन."